पडल्याचे किती गुण कापावेत?

(द्वितीय वर्ष, कला)

मुष्टियुद्ध हा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी निवडावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. 'आजचा तरुण आणि व्यसनाधीनता' किंवा 'साहित्याची सामाजिक बांधिलकी' यावर चार पाने लिहिणे अधिक सोयीचे झाले असते आणि संपादक मंडळालाही ते चालले असते. परंतु या लेखाचा खरा विषय ठोसे हा नसून गुण हा आहे. आणि गुण या विषयात आपणा सर्वांना रस असतो, निदान निकालाच्या दिवशी तरी. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला तर गुणपत्रिकेतला एकेक आकडा घरी समजावून सांगावा लागतो. हा का मिळाला, तो का गेला, एका विषयात नापास म्हणजे सगळ्यातच नापास काय? अशा प्रश्नांची उत्तरे देता देता गुण देणाऱ्याच्या मनात काय चालत असेल, याविषयी मला कुतूहल निर्माण झाले. मोबाईलवर मुष्टियुद्धाचे जुने-नवे सामने पाहताना ते कुतूहल एका प्रश्नापाशी येऊन थांबले. जो खेळाडू एखाद्या फेरीत खाली पडला, पण उठला आणि लढला, त्याचे किती गुण कापावेत?

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात पुरुषांची प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असते आणि मोठ्या सामन्यात अशा बारा फेऱ्या होतात. रिंगणात दोघा खेळाडूंबरोबर रेफरी असतो. आजकाल तो गुण देत नाही. गुण देतात ते रिंगणाबाहेर तीन बाजूंना बसलेले तिघे. (वर्तमानपत्रे त्यांना 'पंच' म्हणतात. मराठीत पंच म्हणजे न्याय करणारा आणि इंग्रजीत पंच म्हणजे ठोसा! हा घोटाळा टाळण्यासाठी मी त्यांना परीक्षक म्हणणार आहे. शब्द आपल्या ओळखीचाच आहे.) फेरी जिंकणाऱ्यास १० गुण आणि हरणाऱ्यास ९. हरणारा त्या फेरीत एकदा पडला असेल तर ८, दोनदा पडला असेल तर ७. शेवटी बेरीज. फेरी कोणाची हे ठरवताना चार गोष्टी पाहायच्या असतात: स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरील हुकमत आणि बचाव. 'पडणे' म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. वैध ठोशामुळे तळपायांखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला लागला, किंवा केवळ दोरांच्या आधारामुळे माणूस उभा राहिला, तर तो पडला. नुसता पाय घसरला तर ते पडणे नव्हे. पडला की घसरला हे रेफरी ठरवतो आणि परीक्षकांना ते मानावे लागते. पडलेला लगेच उठला तरी रेफरी आठ आकडे मोजतो, मगच लढत पुढे चालू होते. दहा आकड्यांत उठला नाही तर सामनाच संपतो आणि गुणांचा प्रश्न उरत नाही.

आपल्या कुस्तीत हा प्रश्न नाही. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. चितपट झालेल्या पैलवानाला कोणी गुण विचारत बसत नाही. म्हणूनच की काय, पडला तो हरला हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. मुष्टियुद्धात मात्र पडणे हे हरण्याच्या अलीकडचे काहीतरी आहे, आणि त्या 'काहीतरी'ची किंमत ठरवण्यातच सगळा घोळ आहे.

आज ती किंमत जवळजवळ ठरून गेलेली आहे. एका पडण्याला एक जादा गुण. खेळाडू पडला की परीक्षक १०-८ लिहून मोकळा होतो. नियमांनी त्याचे हात बांधलेले नाहीत. न पडताही १०-८ देता येतात आणि पडल्यावरही १०-९ देता येतात. पण सवय ही नियमापेक्षा बळकट असते. माझे स्पष्ट मत असे आहे की ही सवय अन्यायाची आहे. परीक्षकाने पडणे मोजू नये, मार मोजावा. पडणे ही माराची एक खूण आहे. ती कधी खरी असते, कधी फसवी.

ही किंमत काही अनादि काळापासून चालत आलेली नाही. इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी सामने होत तेव्हा फेरीला मिनिटांचे माप नव्हतेच. १८३८ च्या 'लंडन प्राइझ रिंग' नियमांप्रमाणे दोघांपैकी एक जण पडला की फेरी संपली. मग अर्धा मिनिट विश्रांती आणि त्यानंतर आठ सेकंदांत पुन्हा मधल्या रेघेपाशी येऊन उभे राहायचे. जो आला नाही तो हरला. म्हणजे पडण्याबद्दल दंड नव्हताच, दंड होता तो न उठण्याबद्दल! अर्थात याचा फायदा घेणारे लबाडही निघाले. दम लागला की ठोसा न खाताच खाली बसायचे आणि अर्धा मिनिट श्वास घ्यायचा. त्यासाठी मार न खाता पडणे हा गुन्हा ठरवावा लागला. १८८९ साली मिसिसिपी राज्यात सलिव्हन आणि किलरेन यांच्यात उघड्या मुठींचा शेवटचा हेवीवेट अजिंक्यपदाचा सामना झाला. त्याच्या ७५ फेऱ्या झाल्या. आजच्या हिशेबाने त्यांची गुणपत्रिका कशी मांडायची, हे कोणीतरी सांगावे.

१८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणले, तीन मिनिटांची फेरी आणली, दहा सेकंदांची मोजणी आणली. आता पडल्यावर फेरी संपेना, आणि मग तीच फेरी कोणाची हे ठरवायची पाळी परीक्षकावर आली. त्याने काय केले? निरनिराळ्या गावांनी निरनिराळे केले. न्यूयॉर्कमध्ये तर बराच काळ गुण नव्हतेच. ज्याच्या फेऱ्या जास्त तो विजेता, एवढा साधा हिशेब होता. एखादी फेरी केसाच्या अंतराने जिंका किंवा प्रतिस्पर्ध्याला भुईवर लोळवून जिंका, फेरी एकच.

या साध्या हिशेबाने काय होते ते ५ डिसेंबर १९४७ रोजी दिसले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हेवीवेट अजिंक्यवीर जो लुईस याच्यासमोर जर्सी जो वॉलकॉट उभा होता. पंधरा फेऱ्यांचा सामना. लुईस त्या काळी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आणि बऱ्याच गोऱ्यांचाही वीरपुरुष. वॉलकॉटने त्याला पहिल्या फेरीत पाडले आणि चौथ्या फेरीत पुन्हा पाडले. सामना संपला तेव्हा लुईस स्वतःच्या खेळावर इतका नाराज होता की निकाल जाहीर होण्यापूर्वीच तो रिंगण सोडून निघाला होता. पण निकाल लागला तो लुईसच्याच बाजूने. एका परीक्षकाने लुईसला ९ आणि वॉलकॉटला ६ फेऱ्या दिल्या. दुसऱ्याने ८ आणि ६, एक फेरी बरोबरीची. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रेफरीचेही मत धरत असत. रेफरी होता रूबी गोल्डस्टीन. त्याने एकट्याने वॉलकॉटला ७ आणि लुईसला ६ फेऱ्या देऊन दोन बरोबरीत ठेवल्या. दोन विरुद्ध एक, लुईस विजयी.

मी या तीन पत्रिका घेऊन बसलो आणि आजच्या पद्धतीने गुण मांडून पाहिले. पहिली आणि चौथी फेरी तिघांनीही वॉलकॉटलाच दिली असणार असे धरून त्या दोन फेऱ्यांना १०-८ आणि बाकीच्यांना १०-९ लावले. पहिल्या परीक्षकाच्या पत्रिकेवर लुईस १४२, वॉलकॉट १४१. दुसऱ्याच्या पत्रिकेवर १४२-१४२. गोल्डस्टीनच्या पत्रिकेवर वॉलकॉट १४४, लुईस १४१. एक लुईसकडे, एक वॉलकॉटकडे, एक बरोबरीत. म्हणजे सामना बरोबरीत! अजिंक्यपद तरीही लुईसकडेच राहिले असते, कारण बरोबरीत ते असलेल्याकडेच राहते. पण 'लुईसने वॉलकॉटला हरवले' हे वाक्य इतिहासात लिहिले गेले नसते.

आता याच्या उलट पाहू. १ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस. डिऑन्टे वाइल्डर हा अजिंक्यवीर, समोर इंग्लंडचा टायसन फ्युरी. फ्युरी उंचापुरा, तरी चपळ. बहुतेक वेळ तो वाइल्डरला हुलकावण्या देत खेळला. परंतु नवव्या फेरीत तो पडला आणि बाराव्या फेरीत तर असा उताणा पडला की सगळ्यांना वाटले संपले. तो उठला. तिघा परीक्षकांच्या पत्रिका अशा: रोचिन याची वाइल्डर ११५-१११, टॅपर याची फ्युरी ११४-११२, एडवर्ड्‌स याची ११३-११३. सामना बरोबरीत सुटला. आता एडवर्ड्‌सच्या पत्रिकेचे पृथक्करण करा. दोन फेऱ्या १०-८ च्या, बाकीच्या १०-९ च्या, बरोबरीची एकही नाही. असे धरले तर ११३-११३ हा आकडा एकाच रीतीने निघतो: फ्युरीच्या सात फेऱ्या, वाइल्डरच्या पाच. बारांपैकी सात जिंकूनही फ्युरी पुढे नाही! टॅपरच्या पत्रिकेवर तर फ्युरीच्या आठ फेऱ्या निघतात आणि आघाडी अवघी दोन गुणांची. १९४७ चा न्यूयॉर्कचा हिशेब लावला असता तर फ्युरी दोन विरुद्ध एक मतांनी त्याच रात्री अजिंक्यवीर झाला असता.

एक नियम पडण्याला कवडीची किंमत देत नाही, दुसरा ठरीव भावाने देतो. दोन्हींत मला एकच दोष दिसतो. दोन्ही परीक्षकाला पाहण्याच्या कष्टातून मोकळे करतात.

याच फ्युरीची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी रियाध येथे त्याच्यासमोर फ्रान्सिस एनगानू आला, ज्याचा व्यावसायिक मुष्टियुद्धातला तो पहिलाच सामना होता. तिसऱ्या फेरीत एनगानूने फ्युरीला पाडले. दहा फेऱ्यांचा सामना फ्युरी दोन विरुद्ध एक मतांनी जिंकला. पण ज्या परीक्षकाने एनगानूला ९५-९४ असे पुढे ठेवले, त्याच्या पत्रिकेवर फेऱ्या पाच-पाच निघतात. फरक फक्त त्या एका पडण्याचा. येथे मला त्या जादा गुणाबद्दल तक्रार नाही. त्या ठोशाने सामन्याचा रंगच बदलला होता आणि फ्युरी त्यानंतर बराच वेळ बिचकून खेळत होता. पडणे कधीच मोजू नये असे माझे म्हणणे नाही, हे यावरून लक्षात यावे.

मग फसवी खूण कोणती? एखादा खेळाडू पुढे सरकत असताना, पाय एका रेषेत आलेले असताना, त्याला हलकासा ठोसा लागतो. तोल जातो, हातमोजा जमिनीला टेकतो. तो लाजून हसतो, ताबडतोब उठतो, आठ आकडे उभ्याने ऐकून घेतो आणि उरलेली सव्वादोन मिनिटे प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात घेऊन चांगला बदडतो. गुण? १०-८, पण ज्याने बदडले त्याच्या विरुद्ध! दुसरीकडे एखादा खेळाडू तीन मिनिटे मार खातो, डोळा सुजतो, पाय लटपटतात, पण तो पडत नाही. त्याला ९ गुण. पहिल्यापेक्षा एक जास्त. केवळ उभा राहिला म्हणून.

उभे राहणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे या खेळाला फार मोठी किंमत देऊन कळलेले आहे. २४ मार्च १९६२ रोजी त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्यूबाचा बेनी पॅरेट आणि एमिल ग्रिफिथ यांचा वेल्टरवेट अजिंक्यपदाचा सामना झाला. सहाव्या फेरीत पॅरेटने ग्रिफिथला पाडले होते. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात सापडला. ग्रिफिथचे वीसहून अधिक ठोसे एकामागून एक त्याच्या डोक्यावर बसले आणि तो पडला नाही. दोरांत अडकलेले त्याचे शरीर तसेच उभे राहिले. रेफरीने ग्रिफिथला ओढून बाजूला केले तेव्हा कुठे तो हळूहळू खाली घसरला. ३ एप्रिल रोजी, शुद्धीवर न येताच, तो वारला. वय पंचवीस. रेफरी होता रूबी गोल्डस्टीन, ज्याने पंधरा वर्षांपूर्वी एकट्याने वॉलकॉटच्या बाजूने मत दिले होते तोच.

पॅरेट गुणांच्या लोभाने उभा राहिला असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याची शुद्धच हरपली होती. मला दाखवायचे आहे ते इतकेच, की त्या फेरीत पडलेला माणूस उभ्या माणसापेक्षा अधिक सुखरूप होता. ग्रिफिथ सहाव्या फेरीत पडला, मोजणी झाली, त्याला श्वास घ्यायला सवड मिळाली. पॅरेट वेळेत पडला असता तर रेफरीला मोजणी सुरू करावीच लागली असती आणि ग्रिफिथला दूर जावे लागले असते. पडणे ही पुष्कळदा शरीराने स्वतःची घेतलेली काळजी असते. मोठमोठे अनुभवी खेळाडू मार असह्य झाला की शहाणपणाने एक गुडघा टेकतात, आठ आकडे ऐकतात, भानावर येतात. या शहाणपणाला आजची पद्धत ठरीव दंड करते आणि लटपटत उभे राहणाऱ्याला बक्षीस देते. ज्या खेळात डोक्याला मार बसतो त्या खेळाने कोणत्या गोष्टीला उत्तेजन द्यावे, हा काही केवळ आकडेमोडीचा प्रश्न नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. वसतिगृहातल्या माझ्या मित्राने तो फार चांगल्या शब्दांत मांडला. तो म्हणाला, "अरे, सगळ्या सामन्यात पडणे ही एकच गोष्ट हजारो प्रेक्षकांना सारखी दिसते. बाकी सगळे परीक्षकाच्या मनावर. तेवढी एक गोष्ट पक्की आहे, तीही तू त्याच्या मनावर सोडायला निघालास?"

परीक्षकांच्या मनावर सोडल्याने काय अनर्थ होतो याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स (तेव्हा तो माझ्याच वयाचा होता, एकोणीस वर्षांचा) अंतिम सामन्यात यजमान देशाच्या पार्क सी-हुन याच्याविरुद्ध खेळला. ठोशांची मोजदाद करणाऱ्यांच्या आकड्यांप्रमाणे जोन्सचे ८६ ठोसे लागले आणि पार्कचे ३२. परीक्षकांनी तीन विरुद्ध दोन मतांनी पार्कला सुवर्णपदक दिले. एवढा गाजावाजा झाला की हौशी मुष्टियुद्धाने परीक्षकांचे मनच काढून टाकायचे ठरवले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत यंत्रावर गुण मोजले गेले. पाच परीक्षकांपुढे बटणे ठेवलेली. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तर ठोसा मोजला जाई, एक गुण. आणि पाडणाऱ्या ठोशाला? तोही एकच गुण. हलका टिचका लागला तरी एक आणि माणूस भुईसपाट झाला तरी एक! आपल्या विजेंदर सिंगचे २००८ चे आणि मेरी कोमचे २०१२ चे कांस्यपदक याच पद्धतीतून आले. त्या दोघांचे कौतुक करूनही म्हणावे लागते की पद्धत आंधळी होती. झटपट हात लावून मागे पळणारे खेळाडू तिने तयार केले, आणि जवळून पोटात बसणारे खरे ठोसे कोणाच्या बटणात सापडेनात. २०१३ मध्ये ती बंद झाली आणि हौशी मुष्टियुद्धही दहा गुणांच्या पद्धतीकडे आले.

तेव्हा माझ्या मित्राला माझे उत्तर असे की, पक्के दिसते ते न्याय्य असतेच असे नाही. बटण पक्के होते. पडण्याचा ठरीव दंडही पक्का आहे. सोलमध्ये परीक्षकांना मोकळीक होती हे खरे, पण त्या मोकळिकीचा हिशेब त्यांना कोणी मागितला नव्हता, हा खरा दोष. आपल्या विद्यापीठातसुद्धा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. (शुल्क जास्त आहे, ती गोष्ट निराळी.) मुष्टियुद्धाच्या परीक्षकाने निदान ज्या फेरीत कोणी पडले, त्या फेरीखाली एक ओळ लिहावी: पडलेला कोणत्या ठोशाने पडला, उठला तेव्हा कसा होता, आणि बाकीची फेरी कोणाची होती. सामना संपल्यावर ती ओळ सर्वांना वाचायला मिळावी. एवढे केले तरी माझी अर्धी तक्रार मिटेल.

ठरीव भाव असूनसुद्धा परीक्षक किती घोटाळा करू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. ८ मे २००४ रोजी लास व्हेगास येथे फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओने मेक्सिकोच्या हुआन मॅन्युएल मार्केझला पहिल्याच फेरीत तीनदा पाडले. नंतर मार्केझने जी काही टक्कर दिली ती पाहण्यासारखी आहे. नाक रक्ताळलेले असताना तो पुढच्या अकरा फेऱ्या विचार करून खेळला. निकाल: एक परीक्षक पॅकियाओ ११५-११०, दुसरा मार्केझ ११५-११०, तिसरा ११३-११३. सामना बरोबरीत. तिसरा परीक्षक होता बर्ट क्लेमंट्स. इतर दोघांनी पहिल्या फेरीला १०-६ दिले होते. याने १०-७ दिले. नंतर त्याने आपली चूक मान्य केली. पण बेरीज झालेली होती. तो एक गुण कापला असता तर त्याच्या पत्रिकेवर ११३-११२ झाले असते आणि पॅकियाओ विजयी ठरला असता. माझ्या कसोटीनेही ती फेरी १०-६ चीच आहे. तिन्ही वेळा मार्केझ खरोखर मार खाऊन पडला होता आणि मधल्या वेळात त्याच्या हातून प्रतिकार असा झालाच नव्हता. क्लेमंट्सने दया दाखवली असती तर ती समजून घेता आली असती. ती दयाही नव्हती, नुसता हिशेब चुकला होता.

आता माझी कसोटी एकदाची नीट सांगतो. पडलेला जर सुन्न होऊन उठला, किंवा उठल्यावर उरलेली फेरी नुसती जीव वाचवत राहिला, तर १०-८, त्यात दयामाया नको. पडलेला जर तोल जाऊन पडला आणि बाकीची फेरी त्याने उघड जिंकली, तर १०-९. फेरी पाडणाऱ्याचीच, कारण सगळ्या फेरीतला सर्वांत मोठा ठोसा त्याचा होता, पण जादा दंड नको. अशा वेळी १०-१० द्यावेत असे काही जण म्हणतात; मला ते पटत नाही, ती परीक्षकाची पळवाट होईल. आणि न पडता जो तीन मिनिटे केवळ मार खात राहिला, त्याच्या नावापुढे ८ लिहायला परीक्षकाने कचरू नये. असे आकडे पडू लागले तर लटपटणाऱ्या खेळाडूच्या बाजूचा गुरू त्याला "पडू नकोस, पडू नकोस" असे ओरडण्याआधी क्षणभर विचार करील.

ही कसोटी लॉस एंजेलिसच्या त्या सामन्याला लावून पाहिली. बाराव्या फेरीबद्दल मला शंका नाही. फ्युरी उठला हे अद्भुत होते, उठून त्याने वाइल्डरला मागेही रेटले. पण अद्भुताला गुण नसतात, आणि त्या ठोशाने तो जवळजवळ संपलाच होता. १०-८. नववी फेरी मी तीनदा पाहिली. तेथे तो पडला खरा, पण उठल्यावर वाइल्डरचे धावून येऊन मारलेले ठोसे त्याने चुकवले आणि फेरी संपेपर्यंत तोच पुढे चाल करीत होता. मी १०-९ दिले असते, फेरी वाइल्डरचीच ठेवून. मग एडवर्ड्‌सच्या पत्रिकेवर फ्युरी ११४, वाइल्डर ११३ होतात. टॅपरच्या पत्रिकेवर फ्युरी आधीच पुढे आहे. रोचिनच्या पत्रिकेवर काही फरक पडत नाही. वाइल्डरचा पट्टा त्याच रात्री गेला असता. प्रत्यक्षात तो गेला २२ फेब्रुवारी २०२० रोजी, लास व्हेगासमध्ये, सातव्या फेरीत, आणि त्या वेळी परीक्षकांच्या पत्रिका पाहण्याची कोणाला गरजच पडली नाही.